बैठं काम

मार्गशीर्ष लागून चार दिवस झाले होते. बुधवार, सकाळचे सव्वादहा. रक्कम रुपये चारशे, प्रवासखर्चापोटी. हजर चौघं: मी, माझी बायको, शेजारची मासे विकणारी बाई आणि फिजिओथेरपीचं वरचं शिक्षण घेणारी एक मुलगी, जिचं खांद्यावर संशोधन चाललं होतं. पैसे बायकोच्या नावाचे होते. पावतीवर सही मी केली आणि चारशे रुपये माझ्या खिशात ठेवले. त्यात वावगं काही आहे असं त्या दिवशी कोणाला वाटलं नाही, मलाही नाही. मला लाज वाटली ती नंतर, आणि तिची सुरुवात पैशांपासून झाली नाही. फॉर्मवरच्या एका चौकोनात मी बरोबरची खूण केली होती, तिथून झाली. ती खूण बरोबर नव्हती.

मी गावच्या सोसायटीत कारकून आहे. सव्वीस वर्षं खतवण्या लिहितोय. माझ्या वहीत खाडाखोड नसते. चूक झालीच तर आकड्यावर एकच आडवी रेघ, वर खरा आकडा, बाजूला छोटी सही. खालचा चुकीचा आकडाही वाचता आला पाहिजे, हा नियम. एका ऑडिटरने एकदा म्हटलं होतं, "तुमची चूकसुद्धा स्वच्छ असते." ते वाक्य मी घरी येऊन बायकोला सांगितलं होतं. पुढे आणखी दोन-चार वेळा सांगितलं असेल.

तिचा उजवा खांदा दोन वर्षं दुखत होता. दोरीवर कपडे टाकताना ती डावा हात वापरायला लागली. वेणी घालताना मान वाकडी करून डोकंच हाताकडे न्यायची. एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, हाड चांगलं आहे. मलमाच्या ट्यूबा दिल्या, तीन संपल्या. मला लेखी काहीतरी लागतं. एक्स-रेच्या कागदावर काही नव्हतं, म्हणजे माझ्या हिशेबी खांद्यातही काही नव्हतं. मी तिला तसं म्हटलंही. "हाडात काय नाय. तू मनार घेतलंस."

ती म्हणाली, "मनाचा नाय ओ. खांद्याचाच आसा."

आमच्या मागच्या पडवीत काजू फोडायचं एक यंत्र आहे. चार वर्षांपूर्वी आणलं. शेजारच्या गावातल्या कारखान्याची रिक्षा सकाळी उकडलेल्या बियांची गोण टाकून जाते, संध्याकाळी गर आणि टरफलं वेगळी करून घेऊन जाते. स्टुलावर बसायचं, डाव्या हाताने बी पात्यात धरायची, पायाने खालचा दांडा दाबायचा, उजव्या हाताने वरचा दांडा ओढायचा. टक्. पुन्हा पुढची बी. टरफलाच्या तेलाने बोटं काळी होतात, कातडं सोलवटतं. खोबरेल लावून बसावं लागतं.

यंत्र मागच्या पडवीत का ठेवलं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पुढे ठेवलं असतं तर रस्त्यावरून दिसलं असतं. सोसायटीतल्या माणसाची बायको काजू फोडायला बसते, हे लोकांनी बघू नये असं मला वाटे. कोणी विचारलं, "वहिनी काय करतात?" तर मी सांगायचो, "घरीच असतात." ते खोटंही नव्हतं. यंत्र घरातच होतं.

आणि तरी रोज संध्याकाळी गोण उचलायच्या आधी वजन मीच करायचो. डायरीत तारीख, किलो, अख्खे गर किती, तुकडे किती. त्यात एका ग्रॅमची चूक सापडणार नाही.

वर्षभरापूर्वी तिने एकदा मला म्हटलं होतं, "ह्यां स्टूल वाईच उंच करून दिया मा. चार बोटां. हात लय वर जाता दांड्यार."

मी टेप आणून स्टूल मोजलं. अठरा इंच. "सगळ्यांची अठराच असतात," मी सांगितलं आणि टेप गुंडाळून ठेवली. दांड्याची उंची मी मोजली नाही. तिची बसलेली उंची तर नाहीच.

खांद्याच्या तपासणीची बातमी शेजारणीने आणली. ती रोज पहाटे बंदरावर जाऊन मासे घेते आणि पाटी डोक्यावर घेऊन चार वाड्या फिरते. एक दिवस दगडी गडग्यापलीकडून तिचा आवाज आला. "अगो, आयकलंस? कॉलेजात खांदे तपासतत. फुकट! वर जावक येवक पैशे देतत. माजोव खांदो धरता हल्ली. चल दोगीव जाव्या, नायतर म्हातारपणी एकमेकीचे केस कोण बांधतला?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, जाऊया. मलाही ते मशीन बघायचं होतं. आदल्या संध्याकाळी जेवताना मी तिला असंही म्हटलं, "मशीन खोटा बोलाचा नाय. थंय काय निघाला, तर पडवीतला यंत्र बंद. माझो शब्द."

"आणि नाय निघाला तर?"

"तर मगे समजायचा, मनाचा आसा."

ताटातला भात तिने संपवला. तिच्यासाठी त्या तपासणीवर काय ठरणार होतं, हे मीच असं ठरवून टाकलं होतं.

निघताना मी तिला बोटं नीट धुवायला सांगितलं. तिने चुना लावून घासली, मग लिंबू, मग खोबरेल. नखांच्या कडा काळ्याच राहिल्या. "हात पदराखाली ठेव," मी म्हटलं. हे लिहिताना मला माझंच वाक्य वाचवत नाही, पण मी ते म्हटलं होतं.

कॉलेजची खोली आमच्या घरापासून अठरा किलोमीटरवर. बायको माझ्या स्कूटरवर मागे, शेजारीण एसटीने. खोलीत एक खाट, एक खुर्ची, हिरवा पडदा आणि पडद्याच्या अलीकडे टेबलावर संगणक. संशोधन करणारी मुलगी घाटावरची, स्वच्छ बोलणारी, घाई न करणारी. तिने आधी सगळं समजावलं. आपण हात वर करतो तेव्हा फक्त हात वर जात नाही. पाठीवरचं फरं, म्हणजे खांद्याचं चपटं हाड, सरकतं, आणि गळ्याखालचं आडवं हाड वर उचलतं, मागे जातं आणि स्वतःभोवती थोडं फिरतंसुद्धा. "बोट ठेवून बघा, काका."

मी माझ्या हाडावर बोट ठेवून हात वर केला. खरंच, हाड बोटाखाली गोल फिरलं. पन्नाशी ओलांडली, पण हे हाड फिरतं हे मला माहीत नव्हतं.

ती म्हणाली, खांद्याच्या स्नायूंवर चिकटपट्ट्या लावून त्यांची वीज मोजायची. हाडावर एक छोटी डबी चिकटवून त्याची हालचाल मोजायची. स्नायू किती आणि कधी जोर लावतो आणि त्याच वेळी हाड किती हलतं, या दोन्हींचा संबंध बघायचा. आठ दिवसांनी पुन्हा तेच मोजायचं, आकडे जुळतात का ते बघायला. मला ती पद्धत फार आवडली. ताळा करण्यासारखी होती.

मग फॉर्म. बायकोला वाचता येतं, पण फॉर्म मीच घेतला. आमच्या घरात फॉर्म नेहमी मीच भरतो. वय, उंची, वजन, कोणता हात, दुखणं किती महिन्यांचं. सहाव्या ओळीवर कामाचा प्रकार. तीन चौकोन: बैठं, मध्यम, जड. पुढे रिकामी रेघ: कामाचं स्वरूप लिहा.

माझं पेन थांबलं. जड म्हटलं तर पुढे लिहावं लागणार: काजू फोडणी. शेजारीण बाजूच्याच बाकावर बसलेली. दारात आणखी दोन बाया, एक आमच्याच पंचक्रोशीतली. मी स्वतःला विचारलं, ती काम बसून करते की उभ्याने? बसून. काजू बसून. नारळ आदोळीवर, म्हणजे विळीवर, तोही बसून. मासे कापायचे तेही बसून, उन्हाळ्यात रातांबे फोडायचे तेही बसून. मी 'बैठं'पुढे खूण केली आणि रेघेवर लिहिलं: घरकाम.

एका शब्दावर आपण खोटं बोललो नाही, असं मनाला समजावण्याची कला मला कारकुनीतल्या सव्वीस वर्षांनी शिकवली असेल. बैठं म्हणजे टेबलावरचं, माझ्यासारखं काम, हे मला पक्कं माहीत होतं.

शेजारणीचा फॉर्म त्या मुलीने भरला. तिला विचारत, मोठ्याने.

"मावशी, काम कसं? बैठं, मध्यम, की जड?"

"माजा? गो बाय, भरलेली पाटी डोक्यार घेवन चार वाडये फिरतंय. तुज्या कागदार त्येच्यापेक्षा जड काय आसा तां लिव."

मुलगी हसली. शेजारणीने मान लांब करून माझ्या हातातल्या फॉर्मकडे बघितलं. तिला वाचता येत नाही. "हिचा काय लिवलात, भाऊनू?"

"घरकाम," मी म्हटलं.

"हां," ती म्हणाली. आणि एवढ्या बोलक्या बाईने पुढे काहीच म्हटलं नाही.

आधी शेजारीण पडद्याआड गेली. तिथून तिचा आवाज येत होता. "चतुर्थीक मखराक लावतत तशी लायटीची माळ लावलंस गो माका! पेटात मा मी?" मग बायको गेली. मंगळसूत्र नेमकं त्या हाडावर येत होतं, ते मुलीने बाजूला करून चिकटपट्टीने मानेमागे धरलं. पडद्यामुळे बायको मला दिसत नव्हती. मला दिसत होता फक्त संगणक आणि त्यावर सरकणाऱ्या रेषा. वरची स्नायूची, खालची हाडाची. सत्तावीस वर्षांच्या संसारात तिचा खांदा मी असा कधी बघितला नव्हता.

पहिल्यांदा तिला नुसतं शांत बसायला सांगितलं. रेषा सपाट झाली. ती जरा थरथरतेय असं मला वाटलं, म्हणून मी इकडून म्हटलं, "नीट बस. हलू नको."

रेषा उसळली.

मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही बोलू नका हं. रेषा हलते."

"मी तर तिला हलू नको म्हटलं."

"त्या हलल्या नाहीत." तिने पडद्याआड डोकावून खात्री केली. "पण रेषा हलली."

वायर सैल असेल असं मला वाटलं. तेवढ्यात बाकावरची शेजारीण जोरात शिंकली, खिडकीची काच वाजावी अशी. मी रेषेकडे बघत होतो. ती जागची हलली नाही. अशा गोष्टी माझ्या नजरेतून सुटत नाहीत. त्या क्षणी त्याचा अर्थ मात्र मी लावला नाही, किंवा लावायचा टाळला.

मग हात सावकाश वर, सावकाश खाली. पाच वेळा. शेवटी हातात धरायच्या पट्ट्याला वजनाचा काटा लावून पूर्ण जोर. "जितका आहे तितका लावा, मावशी." पडद्याआडून तिचा श्वास ऐकू आला. काटा चौदा किलोवर गेला. शेजारणीचा तेराच्या थोडा वर होता.

"पाटीवालीक हरवलंस गो!" शेजारीण ओरडली.

मुलीने फॉर्म उचलून पुन्हा बघितला. "बैठ्या कामाच्या गटात आतापर्यंत कोणी दहाच्या पुढे गेलं नाही." मग पडद्याकडे तोंड करून विचारलं, "मावशी, तुम्ही नेमकं काम काय करता?"

मला तो क्षण अजून मोजता येतो. चार-पाच सेकंद असतील. मी बोलू शकलो असतो. आतून बायकोचा आवाज आला, "ह्येंनी लिवल्यानी मा, तांच."

पावती आली, मी सही केली, चारशे रुपये घेतले, आणि आम्ही निघालो.

परतताना ती स्कूटरवर मागे बसली. ती नेहमी उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवून बसते. त्या दिवशी दोन्ही हात मांडीवर होते. चढावर स्कूटर हळू झाली तेव्हा ती म्हणाली, "तुमी लिवलात तां खोटा नाय. मी बसानच करतंय सगळा."

आवाजात राग नव्हता. तिने माझी बाजू घेतली होती.

त्या संध्याकाळी गोण वजनाला लावली तेव्हा काट्यावर आकडा आला आणि माझा हात डायरीवर थांबला. किलो मी चार वर्षं लिहीत होतो. त्या दिवशी फोडायच्या राहिलेल्या बियांतल्या एक किलो मी ओट्यावर ओतून मोजल्या. एकशे ब्याऐंशी. ती दिवसाला साधारण दहा किलो फोडते. म्हणजे दिवसाला अठराशे वीस वेळा हात वर जातो, दांडा धरतो, खाली येतो. महिन्याचा गुणाकार मी केला, तो इथे लिहीत नाही. मला जो आकडा हवा होता, तो माझ्याच डायरीत चार वर्षं पडून होता. फक्त वेगळ्या मापात.

दुसऱ्या दिवशी रजा काढली आणि मागच्या पडवीत दारापाशी उभा राहिलो. तिची पाठ माझ्याकडे होती, थोडी बाजू दिसत होती. दांडा तिच्या खांद्याच्या वर होता. दांड्याकडे हात जायच्या आधीच खांदा कानाकडे उचलला जाई. गळ्याखालचं हाड वर येई आणि त्यावरचे काळे मणी घसरून खळगीत पडत. हात खाली, मणी पुन्हा हाडावर. टक्. घड्याळ लावून एक मिनिट मी मणी मोजले. बारा वेळा.

"काय बघतात?" तिने मागे न बघता विचारलं.

"काय नाय."

आणि तिचा खांदा वर झाला. दांडा न ओढताच. मणी खळगीत. तेव्हा मला ती वायर आठवली, जी सैल नव्हती.

आठ दिवसांनी पुन्हा त्याच खोलीत. तीच चौघं. मुलीने मोजणी केली. मी तोंड बंद ठेवून दाराबाहेर बसलो होतो, तिने बोलावल्यावर आत गेलो. तिने दोन्ही दिवसांच्या रेषा एकावर एक ठेवून दाखवल्या. तंतोतंत जुळत होत्या.

"हे बघा. हात उचलायच्या आधीच मानेकडचा स्नायू लागतो. मग हाड नुसतंच वर उचललं जातं, मागे फिरायला हवं तितकं फिरत नाही. स्नायू जोर भलताच लावतोय. मावशींचं दुखणं यातून येऊ शकतं." मग ती जरा अडखळली. "पण एक अडचण आहे. बैठ्या गटात हा आकडा कुठेच बसत नाही. एवढं दुखणं, एवढा जोर, आणि काम काहीच नाही, हे जुळत नाही. माझ्या मार्गदर्शक सरांना आत्ताच दाखवलं, ते म्हणतात, पट्ट्या चुकीच्या जागी लागल्या असणार, दोन्ही वेळा. मावशींची नोंद गाळायला सांगितलंय त्यांनी. गाळलेल्या नोंदीचा अहवाल आम्हाला देता येत नाही. सॉरी मावशी."

बायको साडीचा पदर सावरत होती. मान खाली घालून म्हणाली, "असांदे गो बाय. मनाचा आसात."

मीच दिलेला शब्द होता तो. ती तो विसरली नव्हती.

मी उभा राहिलो. सोसायटीच्या सभेत बोलतो तशी माझी भाषा एकदम शुद्ध झाली. "पट्ट्या बरोबर होत्या. चूक माझी आहे. फॉर्म मी भरला. सहावी ओळ खोटी आहे. ही काजू फोडते. चार वर्षं. दिवसाला दहा किलो, म्हणजे अठराशे वीस वेळा दांडा ओढते. मला माहीत होतं."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. तपासणीला येऊन दारात उभ्या असलेल्या बाया आत बघायला लागल्या. मी शेजारणीकडे बघायचं टाळत होतो, पण बोलली तीच.

"सांगलात एकदाचे. भाऊनू, आमकां काय म्हायत नाय असा वाटला तुमकां? सकाळपासून टक् टक् टक् अख्ख्या वाडीक आयकाक येता. मी पाटी घेवन फिरतंय, तेव्हा त्या आवाजार घड्याळ लावतंय! टक् टक् थांबला की समजायचा, हिचो च्या उकळता."

बाया हसल्या. बायकोही पदर तोंडाला लावून हसली. मला हसता आलं नाही. चार वर्षं यंत्र मागच्या पडवीत लपवलं होतं ते कोणापासून, हा प्रश्न मला पडला. वाडीला ऐकू येत होतं. ऐकू येत नव्हतं ते फक्त त्या माणसाला, जो रोज संध्याकाळी काटा घेऊन तिथे जात होता.

मी फॉर्म मागितला. 'बैठं'पुढच्या खुणेवर एक आडवी रेघ मारली. 'जड'पुढे खूण केली. 'घरकाम'वर रेघ मारून वर लिहिलं: काजू फोडणी, बसून, आणि घरकाम. बाजूला छोटी सही करणार, तेवढ्यात पेन थांबवलं आणि बायकोकडे दिलं. "तू कर. फॉर्म तुझो आसा."

तिने पदराखालून हात बाहेर काढला. काळ्या बोटांनी पेन धरलं आणि पूर्ण नाव लिहिलं, हळूहळू, दोन्ही जागी. जागा पुरली नाही म्हणून शेवटची अक्षरं समासात गेली. माझ्या नियमात ते बसत नव्हतं.

मुलगी आत जाऊन सरांशी बोलून आली. फॉर्म मागाहून बदलला, म्हणून अभ्यासात ही नोंद धरता येणार नाही. तो त्यांचा नियम, आणि बरोबर आहे. म्हणजे माझ्या एका खुणेने त्यांची दोन दिवसांची मोजणी वाया गेली. पण पट्ट्या बरोबर होत्या हे कळल्यामुळे त्या मुलीला उपचारासाठी कागद देता आला. खाली तिने व्यायाम लिहिले, आणि विचारलं, "मावशी, तो दांडा बसल्यावर कुठे येतो?"

बायकोने हात खांद्याच्या वर धरून दाखवला.

"खूप वर आहे. खांद्याच्या खाली आणा. स्टूल उंच केलं तरी चालेल."

बायकोने माझ्याकडे बघितलं नाही. तिने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "यंत्र बंदच करतो. मी शब्द दिलाय."

"बंद कित्याक?" ती पटकन म्हणाली. मुलीसमोर, शेजारणीसमोर. "तुमी शब्द दिलात तो तुमचो. माका इचारलात? माका फोडूक आवडता. हाताक काम, वर माजे चार पैशे. स्टूल उंच करा. आणि यंत्र पुढल्या पडवेत ठेवा. थंय वारो येता."

शेजारीण म्हणाली, "आणि येता-जाताना माकाव बसूक मिळात."

घरी आल्यावर मी स्टूल पुन्हा मोजलं. या वेळी तिला बसवून, दांड्याची आणि खांद्याची उंची धरून. साडेतीन इंच कमी पडत होतं. चार बोटं म्हणजे माझ्या बोटांनी तीन इंच. तिने वर्षभरापूर्वी डोळ्यांनी सांगितलेला अंदाज अर्ध्या इंचाने चुकला होता. फणसाच्या फळीचे चार तुकडे कापून पायांना ठोकले. सुताराने केलं असतं तर सुबक झालं असतं. एक पाय अजून जरा डुगडुगतो, त्याखाली तिने पुठ्ठा घातलाय. यंत्र पुढच्या पडवीत आहे. सकाळी दहाच्या सुमाराला शेजारीण रिकामी पाटी उपडी घालून तिथे टेकते. खांदा पूर्ण थांबलेला नाही, पण वेणी ती आता मान सरळ ठेवून घालते. मी घरात बोलतो तेव्हा अजूनही अधूनमधून माझी नजर तिच्या गळ्याखालच्या मण्यांकडे जाते. ते हलतात का ते मी बघतो. काही वेळा हलतात.

पैशांचं राहिलं. दुसऱ्या दिवसाच्या पावतीवर तिने स्वतः सही केली आणि चारशे रुपये तिच्या हातात मिळाले. पहिल्या दिवसाची पावती माझ्या सहीने ऑफिसात गेली होती, ती बदलता येईना. म्हणून ते चारशे मी माझ्या पाकिटातून काढले आणि घरी आल्यावर तिला दिले. एकूण रुपये आठशे, तिला. तिने ते मोजून घेतले.